सुरुंग काढणाऱ्याचा हात थरथरतो तेव्हा

"तुमचा रोग हातात नाही, गळ्यात आहे," डॉक्टर पद्मजा म्हणाल्या आणि रक्ताच्या तपासणीचा कागद माझ्यापुढं सरकवला.

मी त्यांच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. पण त्या दिवसांत माझे डोळे असे काही बाहेर आले होते, की मी मायेनं बघितलं तरी समोरच्यानं माफी मागावी. बाईंनी मागितली नाही. उलट टॉर्च काढून माझ्याच डोळ्यांत मारली आणि म्हणाल्या, "हे डोळेसुद्धा त्यातलेच."

हायपरथायरॉइडिझम असा तो शब्द. त्याचा अर्थ असा की आपल्या गळ्यात, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. शरीराचं इंजिन किती जोरात चालवायचं ते ती ठरवते. माझ्या ग्रंथीनं ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला होता आणि उचलायचं नाव घेत नव्हती. त्यातला माझा प्रकार ग्रेव्ह्ज डिसीज, म्हणजे शरीराची राखणदार फौजच चक्रावते आणि या ग्रंथीला सारखी डिवचत राहते.

शेजारी बसलेल्या विमलला, म्हणजे माझ्या बायकोला, हायसं वाटलं. तिनं तिथल्या तिथं कुठल्यातरी देवाला नारळ कबूल केला. ओठ हलताना मी बघितले. मला मात्र वेगळंच वाटलं. एवढं सोयीचं कारण सापडलं कसं?

शंका घेणं हा माझा धंदाच आहे. मी फौजेत इंजिनिअर दलात होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. त्या काळात हैदराबादेत रोज सकाळी एक काचेची इमारत उगवायची, आणि प्रत्येकीच्या गेटवर मिशीवाला सुभेदार हवा असायचा. माझे सगळे जोडीदार त्या काचांपुढं सलाम ठोकत उभे राहिले. मी बरकतपुऱ्यातल्या घराला कुलूप लावायची तंबी विमलला देऊन कंबोडियाला गेलो, लढाई संपल्यावर जमिनीत राहिलेले सुरुंग काढायला. (तिनं कुलूप लावलं नाही. ती घरातच राहिली.)

हे काम फौजेच्या कामासारखं नसतं. लढाईत एक पट्टी साफ केली, पलटण पलीकडं गेली, झालं. इथं त्या जमिनीवर उद्या बाई भात लावणार, तिचं पोर बेडकामागं धावणार. बोटभर जागा सोडून चालत नाही. परदेशी देणग्यांवर चालणारी एक संस्था होती. तिथल्या माणसांना शिकवायचं, त्यांचं काम तपासायचं आणि अवघड जागी स्वतः पालथं पडायचं, हे माझं काम. सुरुंग मला ओळखायचे. मी शेतात पाय ठेवला की त्यातले काही शहाणे स्वतःहून वर यायचे, असं मी बरकतपुऱ्यात सांगत असे, आणि निम्मा बरकतपुरा विश्वास ठेवत असे.

आमचा नियम साधा. डिटेक्टर वाजला की तो सुरुंग. मग तो खिळा असो, मासळीच्या डब्याचं झाकण असो, कुणाच्या म्हातारीचा दात असो. उकरून डोळ्यांना दिसेपर्यंत तो सुरुंगच. आणि जमीन गप्प बसली, तर ती का गप्प बसली याचीही शंका घ्यायची. अशा माणसाला कुणी "काळजी करू नका" म्हटलं, की त्याला काळजी वाटायला लागते.

पहिलं लक्षण पोटात दिसलं. मी एका बैठकीला एवढा भात खायला लागलो की स्वयंपाक्याला वाटायचं दुसरी पलटण आली. तरी वजन उतरत होतं. पट्ट्याला भोकं पाडून पाडून त्याची चाळणी झाली. घाम यायचा, पण तिकडं म्हशीलासुद्धा घाम येतो, म्हणून लक्ष दिलं नाही. झोप गेली. मग हात.

एका गावाच्या कडेला आम्ही काम करत होतो. डिटेक्टर वाजला होता. अशा वेळी पालथं पडून, सळई तिरकी धरून, माती हळूहळू टोचत पुढं जायचं असतं. सुरुंगाच्या कुशीला टोक लागलं पाहिजे, डोक्याला लागता कामा नये. मी नव्या माणसांना हेच दाखवत होतो. आणि सळईचं टोक माझ्यादेखत नाचायला लागलं. मी थांबलो, पुन्हा धरली. पुन्हा नाचलं.

आमच्या तुकडीचा मुकादम सोखा नावाचा तिथलाच माणूस होता. तो रांगत माझ्या शेजारी आला, माझं मनगट धरलं, सळई काढून घेतली आणि उरलेलं काम स्वतः केलं.  संध्याकाळी जेवताना सगळे माझ्याशी फार अदबीनं वागले. भाताचं भांडं आधी माझ्याकडं आलं. तिथंच मी समजलो.

आमच्या धंद्यात हात थरथरला की त्याचा एकच अर्थ काढतात: याला भीती बसली. कुणी हसत नाही. त्याला हळूच बाजूला घेतात, कोठीघराच्या किल्ल्या देतात आणि त्याच्या पाठीमागं त्याचं नाव हळू आवाजात घेतात. संस्थेच्या डॉक्टरनं कान-नाक बघून "स्ट्रेस" असं निदान केलं, म्हणजे मनावरचा ताण, आणि घरी पाठवलं. सोखाला माझी जागा हवी होती म्हणून त्यानं हे घडवलं, असं मी विमानात बसल्या बसल्या सिद्ध करून टाकलं.

पण खरा संशय माझा माझ्यावर होता. मला एवढंच कळायला हवं होतं, की ही थरथर भीतीची आहे की आणखी कशाची? भीतीची असेल, तर मी परत जायचं नाही. कारण भ्यायलेला हात फक्त स्वतःला मारत नाही, शेजारच्या पट्टीत पालथ्या पडलेल्यालाही घेऊन जातो. आणि परत जायचं नाही, तर मी उरलो काय? काचेपुढचा सलाम.

घरी आल्यावर पहिल्यांदा पकडलं ते बाबूनं. बाबू म्हणजे विमलचा धाकटा भाऊ. मलकपेठेत त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, पण दुकान नावाला. जीव सगळा शेअर बाजारात. कमरेला पेजर. तो वाजला की हा जेवता जेवता एसटीडी बूथकडं पळायचा.

"दाजी, चहा सांडायलाय."

"कप गळका आहे."

"हौ. आणि बशी आपोआप वाजायली." तो माझ्या हाताकडं बघत राहिला. "भ्यालात ना? खरं सांगा. भ्यालात तर काय बिघडलं? मार्केट पडलं तेव्हा मी संडासातून भाईर आलो नव्हतो. इचारा ताईला."

"मी भीत नसतो."

"मग डोळे कशाला वटारायलात?"

"हे माझे नेहमीचे डोळे आहेत."

"नक्को दाजी. हे नेहमीचे नाहीत. हे कुणाचे तरी उचलून आणलेत तुम्ही."

त्यानंच मला एका नव्या हॉस्पिटलात नेलं. हॉस्पिटल कसलं, पंचतारांकित हॉटेल! लॉबीत मंद बासरी, फरशीत आपलं तोंड दिसतंय, कोपऱ्यात केळीएवढं झाड. पान चिमटून बघितलं. प्लॅस्टिकचं. ज्या घरात झाड खोटं, तिथं रिपोर्ट खरा कशावरून? रक्त घेणाऱ्या मुलीला मी बाटलीवर माझं नाव माझ्यासमोर लिहायला लावलं. तिनं लिहिलं. मग मी तिला ते वाचायला लावलं.

रक्तात टी-थ्री आणि टी-फोर वाढलेले निघाले. ही त्या ग्रंथीच्या रसांची नावं. आणि टीएसएच जवळजवळ नाहीसा. टीएसएच म्हणजे मेंदूकडून ग्रंथीला जाणारा हुकूम. रस उतू चालला म्हणून मेंदूनं हुकूम देणंच थांबवलं होतं, तरी ग्रंथी ऐकत नव्हती. हे डॉक्टर पद्मजांनी मला चित्र काढून समजावलं. त्या राजमुंद्रीकडच्या, बोलणं अर्धं इंग्रजी अर्धं हिंदी. इथं मी सगळं मराठीत सांगतोय. बुटक्या, बारीक, आवाज मात्र परेड ग्राउंडचा.

त्यांनी दोन गोळ्या दिल्या. एक ग्रंथीला आवरणारी. तिला आठवडे लागतात. दुसरी बीटा ब्लॉकर, म्हणजे धावतं काळीज आणि थरथरता हात यांना तात्पुरता लगाम घालणारी.

दुसरीनं चमत्कार केला. थोड्याच दिवसांत हात दगडासारखा झाला. बशी वाजेना. बाबूनं पेढे आणले. विमलनं नारळ फोडला. मी मात्र माझ्या हाताकडं संशयानं बघत बसलो.

बघा, डिटेक्टर वाजतोय. कुणीतरी येतो आणि डिटेक्टरची वायर काढतो. आता शांत. म्हणजे सुरुंग गेला का?

आमच्या कामात एक वस्तू काढली, की तीच जागा पुन्हा डिटेक्टरनं झाडायची पद्धत आहे. एका सुरुंगाखाली दुसरा निघालेला मी पाहिलाय. (तिसराही पाहिलाय, पण तो मी वाढवून सांगतो.) त्या सवयीनं मी ठरवलं, गोळ्या थांबवायच्या आणि जागा पुन्हा झाडायची. दोन्ही गोळ्या. विमल पाणी घेऊन समोर उभी राहायची. मी गोळ्या जिभेखाली ठेवायचो आणि ती वळली की खिडकीतल्या कुंडीत पुरायचो. तुळशीत पुरायचं धाडस झालं नाही, म्हणून मनी प्लांटमध्ये. इतका शांत मनी प्लांट मी जन्मात पाहिला नाही. वाऱ्यानंसुद्धा हलेना.

थरथर परत आली. मला केवढा आनंद झाला! पण तो टिकला नाही. गोळीनं थरथर लपवली होती, एवढंच कळलं. ती कशाची, हा प्रश्न होता तिथंच राहिला. तर मी म्हटलं, आणखी थोडे दिवस बघू.

एका दुपारी मी आणि विमल जामबागेतल्या एका शाळेत गेलो होतो. तिच्या मैत्रिणीच्या मुलीला शाळेत प्रवेश हवा होता आणि विमलला वाटायचं, सुभेदाराच्या मिशीनं काम होईल. शाळा सुटली होती. पोरांचा लोंढा रस्त्यावर आला. त्या गर्दीत माझ्या छातीत कुणीतरी पोतंभर बेडूक सोडले. धडधड नव्हे. धडधडीला ताल असतो. हे एक उडी इकडं, तीन तिकडं, मग काहीच नाही, मग पुन्हा सगळे एकदम. मलकपेठच्या रेसकोर्सवरचे सगळे घोडे उलट्या दिशेनं सुटल्यावर जे होईल ते. मी शाळेच्या कठड्याला धरून खाली बसलो.

"अहो, काय व्हायलंय?" विमल ओरडली. एका रिक्षावाल्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि न विचारता उचललं. "अम्मा, तुमे पाँव पकडो," तो म्हणाला, आणि दोघांनी मला रिक्षात घालून त्याच हॉस्पिटलात नेलं.

एट्रियल फिब्रिलेशन. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते फडफडतात. ग्रंथी बेफाम झाली की असं होऊ शकतं, आणि त्यातून रक्ताची गुठळी झाली तर ती मेंदूत जाऊ शकते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी छातीला वायरी चिकटवल्या होत्या आणि डोक्यामागं एक मशीन टुकटुक करत होतं. त्या टुकटुकीवर माझा ताबडतोब विश्वास बसला. वाजणाऱ्या वस्तूंशी आमचं पटतं.

ठोके ताळ्यावर आल्यावर डॉक्टर पद्मजा पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या.

"गोळ्या घेत होतात?"

"हो."

"किती दिवस घेतल्या नाहीत?"

मी छताकडं बघितलं. छत खरं होतं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. डिटेक्टर, वायर, जागा पुन्हा झाडायची पद्धत. त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही. मला वाटलं, बाई प्रभावित झाल्या.

"सुभेदारसाहेब, एक सांगा," त्या म्हणाल्या. "खाली सुरुंग आहे की नाही, हे कळावं म्हणून तुम्ही त्याच्यावर पाय देऊन बघता का?"

 माझ्या आयुष्यात उत्तर सुचलं नाही अशी ती पहिली वेळ. त्या आधीची कुणी सांगितली तर ती अफवा समजावी.

विमल दारात होती. तिनं ऐकलं होतं. ती आत आली आणि पहिल्यांदा पाण्याचा तांब्या नीट झाकून ठेवला, मग बोलली.

"तिकडं तुम्ही पालथं पडायलात, तवा मी इकडं फोनकडं बघत बसायची. म्हटलं, कुणाची तरी लेकरं वाचायलीत, होऊ दे. ते सोसलं मी. हितं माझ्या हातचं पाणी घेऊन गोळ्या कुंडीत घालायलात, ते कुणाचं लेकरू वाचवायला?"

मी तांब्याकडं बोट केलं आणि गोळ्या मागितल्या. 

ज्यांच्या घरी असा रोगी आहे, त्यांना सांगतो: औषध लागू पडलं की रोगी बरा झाला असं समजून गोळी सोडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण औषध लागू पडल्याचा संशय घेऊन गोळी सोडणारेही असतात. अशांच्या जिभेखाली बघत जा.

त्या वॉर्डात असताना मी डॉक्टरांना शेवटी तो प्रश्न विचारला. बाबू खालच्या मजल्यावर पेजरला ओ द्यायला गेला होता, विमल डबा धूत होती. मी आवाज खाली आणला. माझा खालचा आवाज म्हणजे पाचव्या पलंगापर्यंत.

"खरं सांगा. हात थरथरतो तो ग्रंथीमुळं की भीतीमुळं?"

त्या खुर्ची ओढून बसल्या. "इथं आल्यापासून सिस्टर तुमची नाडी मोजतायत. जागेपणी एकदा, झोपेत एकदा. तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. माझ्या झोपेत कुणी येऊन माझं मनगट धरतं आणि मला पत्ता नाही! फौजेत असतो तर पहारेकऱ्याला उलटं टांगलं असतं.

"घाबरलेल्या माणसाची नाडी झोपेत खाली येते," त्या म्हणाल्या. "तुमची झोपेतसुद्धा पळते. ती पळवणारी ग्रंथी आहे."

"मी स्वप्नात घाबरत असेन तर?"

त्या हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "हात स्थिर करणं माझं काम. ते मी करीन. हात स्थिर झाल्यावर आत काय उरतं, ते तुमचं तुम्ही बघा. त्याचं औषध माझ्याकडं नाही."

हे वाक्य मला आवडलं. जो माणूस आपल्या पट्टीची हद्द सांगतो, त्याच्या पट्टीतून मी चालतो.

पुढं तीन वाटा होत्या. गोळ्या वर्ष-दीड वर्ष घ्यायच्या, आणि सोडल्यावर रोग परत येऊ शकतो. ऑपरेशन करून ग्रंथी काढायची. किंवा रेडिओ-आयोडीन, म्हणजे किरण सोडणारं आयोडीन पोटात घ्यायचं. ही ग्रंथी आयोडीनची अधाशी असते. ती ते ओढून घेते आणि आतल्या आत जळून जाते. मग जन्मभर रोज एक थायरॉक्सिनची गोळी, म्हणजे ग्रंथीचा रस बाहेरून. मी तिसरी वाट धरली. शत्रूला त्याच्याच हावरटपणानं मारायचं, ही कल्पना मला पटली. या आयोडीननं डोळे आणखी बिघडू शकतात, पण माझे दिसतात तेवढे बिघडलेले नसल्यानं ते चालेल, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं.

त्याआधी अपटेक नावाची तपासणी असते. अगदी थोडं आयोडीन पाजतात आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथीनं किती ओढलं ते गळ्यापुढं यंत्र धरून मोजतात. ती खोली तळघरात होती. तिथं खालिदभाई नावाचे तंत्रज्ञ होते, पान खाऊन लालबुंद तोंड. यंत्राला लांब नळकांड्यासारखं तोंड होतं, आणि ते माझ्यावर रोखलेलं. मी आयुष्यभर जमिनीवर डिटेक्टर फिरवला. आज डिटेक्टर माझ्यावर आला होता.

"खालिदभाई," मी म्हटलं, "हे यंत्र बरोबर आहे कशावरून?"

आम्ही रोज सकाळी कामाआधी डिटेक्टर एका ठरलेल्या लोखंडी तुकड्यावर धरून बघतो. वाजला तरच शेतात पाय टाकायचा. हा प्रश्न मी त्या अख्ख्या हॉस्पिटलात कुणाला विचारला नव्हता, कारण उत्तर येणार नाही अशी माझी खात्री होती.

खालिदभाईंनी पान गालात सरकवलं आणि कपाटातून प्लॅस्टिकची एक नकली मान काढली. नुसती मान. वर डोकं नाही, खाली धड नाही. "साब, रोज सुबू पैले ये मुर्दे को देखतूँ. इसके गले में नापी हुई दवा रैती. मशीन उत्ता-च बोली, तो-च जिंदे को बिठातूँ."

मी त्यांना मिठी मारणार होतो. खुर्चीला बांधल्यासारखा बसलो होतो म्हणून राहिलं. "आपल्याकडं पण असंच," मी म्हटलं, आणि मग त्यांना कंबोडियातल्या हत्तीएवढ्या सुरुंगाची गोष्ट सांगितली. त्यांनी मला निजामाच्या एका नातेवाइकाच्या मानेची गोष्ट सांगितली. दोघांपैकी जास्त खोटं कुणाचं, ते ठरलं नाही.

खरी मात्रा शिशाच्या जाड डब्यातून आली. ती चिमट्यानं धरलेली, आणि हातमोजे घातलेली माणसं लांब उभी. एका घोटासाठी केवढा बंदोबस्त! चव पाण्यासारखी. मला आणखी एक संशय आला की हे पाणीच असेल, पण तो मी गिळला.

त्यानंतर काही दिवस लोकांपासून लांब राहायचं असतं. ताटवाटी वेगळी, संडास दोनदा पाण्यानं साफ करायचा, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्या जवळ फिरकायचं नाही. घरी गेल्याबरोबर मी मागच्या खोलीच्या उंबऱ्यापुढं दगड मांडले. एक बाजू लाल रंगवलेली, एक पांढरी. शेतात आम्ही अशीच हद्द आखतो: पांढऱ्या बाजूनं चाला, लाल बाजूला मरण. लाल बाजू माझ्याकडं केली.

विमल कमरेवर हात ठेवून बघत होती. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलंत," ती म्हणाली, "कुठं धोका हाय ते." मग पांढऱ्या बाजूला, चांगलं लांब, चटई टाकून मेथी निवडायला बसली. ती मेथी त्या आठवड्यात संपलीच नाही. मी आतून ओरडून बोलायचो, ती बाहेरून ओरडून उत्तर द्यायची. आमचा सगळा संसार बरकतपुऱ्याला पाठ झाला. बाबू दगडांपाशी येऊन पेजर उंच धरायचा. "दाजी, तुमच्या किरणांनी ह्याला रेंज यायलीय का बघू द्या."

मग हळूहळू, इतकं हळू की मला फसवतायत असं वाटावं, शरीर खाली उतरलं. घाम थांबला. झोप आली. पट्ट्याची भोकं उलट्या क्रमानं उपयोगी पडायला लागली. मधे ग्रंथी एवढी थंडावली की मी भर उन्हाळ्यात शाल घेऊन बसायचो आणि एक वाक्य बोलायला अर्धा दिवस लावायचो; शेजाऱ्यांनी तो काळ अजून गोड मानून ठेवलाय. थायरॉक्सिनची मात्रा जमली आणि तेही गेलं. बीटा ब्लॉकर डॉक्टरांनी स्वतः, पायरी पायरीनं, बंद केली. मी एकही कुंडीत घातली नाही. रोज विमल माझ्या जिभेखाली बघायची. अजून बघते.

शेवटच्या भेटीला डॉक्टर पद्मजांनी मला दोन्ही हात पुढं करायला लावले आणि त्यावर कोरा कागद ठेवला. कागद पडून राहिला. पंखा चालू होता म्हणून एक कोपरा हलला, तर मी पंखा बंद करायला लावला.

ज्यांचे हात थरथरतात, वजन उतरतं, रात्री छाती धावते आणि घरचे म्हणतात "मनाचं आहे", त्यांनी आधी रक्त तपासावं. मनाचं असेल तर नंतर बघता येतं. डॉक्टरवर शंका जरूर घ्यावी, पण ती त्यांच्या तोंडावर विचारावी. कुंडीत पुरू नये. मी ज्यांच्यावर शंका घेतली, त्या डॉक्टरीणबाई, खालिदभाई, रात्री माझं मनगट धरणाऱ्या त्या सिस्टर, इतकंच काय, तो पेजरवाला मेव्हणा, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. सोखाचाही. त्यानं त्या दिवशी सळई काढून घेतली नसती, तर हे लिहायला मी नसतो. आणि माझी जागा हवी असती, तर त्याला नुसतं बघत राहायचं होतं.

मी परत गेलो. पावसाळा संपला होता, माती मऊ होती. पहिल्या सकाळी सोखानं मला एक पट्टी दिली आणि स्वतः मागं उभा राहिला, उघडपणे, माझ्या हाताकडं बघत. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. डिटेक्टर वाजला. मी पालथा पडलो, सळई तिरकी धरली आणि टोचली. टोक जिथं ठेवलं तिथं राहिलं. केसभर हललं नाही.

आणि माझ्या पोटात, अगदी खोल, थंडगार भीती होती.

ग्रंथी जळून गेली होती. नाडी जागेवर होती. रक्त स्वच्छ होतं. ही भीती ज्याच्यावर ढकलावी असं आता कुणी उरलं नव्हतं. ती माझीच होती, आणि बहुतेक पहिल्या सुरुंगापासून होती. मीच तिला दुसऱ्या नावानं हाका मारत आलो होतो. मी तिच्यासकट काम पुरं केलं. मातीखालून गंजलेलं एक बिजागर निघालं. बरकतपुऱ्यात मी ते तीन सुरुंग म्हणून सांगितलंय; हे वाचणारी तुम्ही आजारी माणसं, तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

मी उठून बसलो. चेहऱ्यावरची काच वर केली.

"भीती वाटली, मास्तर?" सोखानं विचारलं.

"वाटली," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि शेजारची पट्टीही मला देऊन टाकली.